पहिल्या कुलगुरूंची काठी

१

कानबाई देवी ओढ्यात वाहून परतणाऱ्या बायकांचं गाणं गल्लीच्या तोंडाशी आलं आणि तिथंच तुटलं.

कुसुमलता नुकतीच धुळ्याच्या एस.टी.तून उतरून पितांबर आबांच्या दाराशी पोचली होती. दाराला बाहेरून कडी होती. कडीशेजारी, भिंतीला टेकून, आबांची काठी उभी होती. सोनगीरच्या तांबटांनी त्यांना प्रेमानं घडवून दिलेली पितळी मूठ उन्हात चकाकत होती. काठी इथं आहे म्हणजे आबाही इथंच कुठं तरी असतील, असं मनाशी म्हणत ती ओट्यावर टेकली. गाव ओस पडलं होतं. सगळे कानबाईबरोबर ओढ्यावर गेले होते.

आणि तेवढ्यात गडाकडून शेळ्या राखणारी एक म्हातारी ऊर फुटेस्तोवर धावत आली.

"आबा पडनात वं! आबा गडखाले पडेल शेतस!"

आबांच्या पत्नी लताबाईंच्या डोक्यावर कानबाईचा रिकामा पाट होता. तो खाली पडला. पाटावरचं हळदकुंकू धुळीत मिसळलं, आणि त्या तशाच, अनवाणी, गडाच्या वाटेनं सुटल्या. मागोमाग सगळं गाव धावलं.

गडाच्या मागच्या बुरुजाखाली आबा पालथे पडले होते. धोतर स्वच्छ, टोपी दूर उडालेली. हात लावून पाहण्यासारखं काही उरलं नव्हतं. कुसुमलतेच्या ओठांत नवकार मंत्र आला आणि पहिल्याच ओळीवर अडकला. परवाच हा माणूस तिला हसून म्हणाला होता, "सोमवारी ये पोरी, कानबाई वाहून झाल्यावर. मी खुर्ची का सोडली ते आता सांगतो. तुझ्या पुस्तकात तेवढं एकच पान कोरं आहे ना?"

ते पान आता कोण भरणार होतं?

२

त्र्याहत्तर सालचा श्रावण तो. तापी विद्यापीठाला दहा वर्षं पुरी होत होती, आणि इतिहासाची प्राध्यापक म्हणून विद्यापीठाच्या नेतृत्वाचा इतिहास लिहिण्याचं काम कुसुमलतेकडे आलं होतं. तसे कुलगुरू दोनच झाले. पहिले पितांबर आबा. माळरानावर दोन पत्र्याच्या खोल्यांत त्यांनी विद्यापीठ मांडलं, स्वतः विटा उचलल्या. चार वर्षांनी परीक्षेचे पेपर फुटले. ज्या कपाटातून ते गेले त्याच्या किल्ल्या दोघांकडेच, कुलगुरूंकडे आणि कुलसचिवांकडे. चौकशी बसायच्या आतच आबांनी राजीनामा दिला. "घर माझं, तर चोरीही माझी," एवढंच बोलले आणि सोनगीरला येऊन बसले. त्यांच्या जागी आले त्या वेळचे कुलसचिव डॉ. रणजित सरनोबत. मूळचे कोल्हापूरचे, बोलायला गोड, कामाला वाघ. ते आजतागायत त्या खुर्चीवर होते.

दुसऱ्या दिवशी ती लताबाईंकडे गेली तेव्हा गावात कुजबुज सुरू झाली होती. आबांनी जीव दिला म्हणे. दहाव्या वर्षाचा सोहळा जवळ आला, जुनं पाप उकरलं जाणार म्हणून धसका घेतला म्हणे.

लताबाई कोपऱ्यात बसल्या होत्या. रडून रडून आवाज गेला होता.

"तू तरी सांग कुसुम. ज्याले जीव द्यायचाय तो सकाळी हसत म्हणेल का, की लवकर या, भूक लागली शे?"

"आबा ओढ्यावर का आले नाहीत, अक्का?"

"गुडघा. काठीबिगर त्यांना अंगणसुद्धा ओलांडता यायचं नाही. म्हटलं, बसा घरी, आम्ही वाहून येतो."

कुसुमलतेची नजर देवघराकडे गेली. सुतक पडलं होतं, देवाला हात लावायचा नव्हता. रविवारचं सारं जसंच्या तसं होतं. चौरंगाखाली रोटांची, कानबाईच्या प्रसादाच्या जाड पोळ्यांची, टोपली. रात्री कुळातल्या माणसांनी खाऊन उरलेले रोट, वर पांढरं फडकं, फडक्याला गाठ आणि गाठीवर लताबाईंच्या ओल्या हळदीची बोटं. ती वाळून पिवळीधमक झाली होती.

"आमच्यात कानबाई वाहून आल्यावरच ती गाठ सोडतात," लताबाई तिची नजर ओळखून म्हणाल्या. "आता कोण सोडणार? सुतक फिटलं की पाण्यात सोडायचे."

कुसुमलतेला शिंदखेड्याचं आपलं लहानपण आठवलं. शेजारच्या कुंदाकाकी तिला वर्षभर पोटच्या पोरीसारखं खाऊ घालायच्या. पण कानबाईच्या दिवशी दार अर्धं लोटून म्हणायच्या, "आज नको बाय, आज आमना रोट शे." ती रडत घरी गेली, तेव्हा आई, सुगनबाई, म्हणाली होती, "रडतेस काय? आपण दिवस मावळल्यावर खात नाही, ते आज बाहेरच्याला देत नाहीत. ज्याचा त्याचा नेम."

बाहेर बुटांचा आवाज झाला. फौजदार भामरे दारात उभे होते. त्यांनी आबांची काठी हातात घेतली, मुठीवरून अंगठा फिरवला आणि सावकाश म्हणाले,

"लताबाई, तुमच्या पुतण्याला आम्ही चौकीवर घेतलंय. झुलालला."

३

"काठी घरी राहिली," भामरे चौकीत कुसुमलतेला समजावत होते. "म्हणजे आबा एकटे गड चढले नाहीत, कोणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून चढले. रोजचा खांदा कोणाचा? झुलालचा. शेताच्या बांधावर आठ दिवसांपूर्वी भांडण कोणाशी झालं? झुलालशी. आणि कानबाई वाहायला गावात कोण नव्हतं? तोच."

झुलाल गुडघ्यांत डोकं घालून बसला होता. दांडगा गडी, पण लहान पोरासारखा रडत होता.

"ताई, मी आबाले हात बी लावा नही. मी नरडानाले गयथू."

"सणाच्या दिवशी? कशाला?"

तो खाली मान घालूनच पुटपुटला, "तठे कारखाना व्हनार शे म्हनतस. नोकरीसाठे. आबाले सांगतू तं म्हनतात, कानबाई सोडीसन जास का? मन्हा चुलता व्हता तो, ताई. भांडनार नही का मी त्यासंगे?"

"कोणी पाहिलं तुला तिथं?"

"कोनीच नही. मुकादमच उना नही."

भामरेंनी हात झटकले. "हे असं. मुकादम आला नाही, कोणी पाहिलं नाही. एक तर हा, नाही तर आबांनीच... पण मग त्यांना वर नेलं कोणी, ते कोडं उरतंच."

लताबाईंना हे सांगायला तिची जीभ रेटेना. तरी तिनं सांगितलं.

"म्हणजे एक तर नवरा चोर ठरतो, नाही तर पुतण्या खुनी. कुसुम, मन्हा पदरात काय ठेवलं देवानं?"

ती धुळ्याला परतली तेव्हा थोरला भाऊ रुपचंद दुकान लवकर बंद करून तिची वाट पाहत बसला होता. रुपचंदनं दुकान लवकर बंद करणं हीच एक धक्क्याची गोष्ट होती.

"कुसुम, तू सोनगीरच्या भानगडीत पडलीस म्हणून सांगतो, एरवी मोठ्यांच्या वाटेला जाऊ नये. सोमवारी सकाळी मी शिरपूरहून माल घेऊन येत होतो. सोनगीरच्या फाट्यावर, बाभळीआड, काळी गाडी उभी होती. आत कोणी नव्हतं."

"कोणाची गाडी, दादा?"

रुपचंदनं दुकानाच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"विद्यापीठाची. तुझ्या कुलगुरूंची."

४

सरनोबतांनी नाकारलं नाही. कुसुमलतेनं त्याच संध्याकाळी आपल्या नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, आणि ते खुर्चीतून उठून खिडकीपाशी गेले. बाहेर दिवस मावळला होता. भिंतीवर तैलचित्रांसाठी चौकटी लावल्या होत्या. पहिलीत आबा, दुसरी कोरी.

"मी कोणालाच सांगणार नव्हतो," ते म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "त्या माणसाची अब्रू जाईल म्हणून. पण एक निष्पाप पोरगा चौकीत आहे म्हणता, तर बोलायलाच हवं. बसा. चहा घ्या आधी."

"सूर्य मावळलाय, सर. मी पाणीही घेत नाही आता."

"हां, हां. तुमचा तो नेम. इतकी वर्षं झाली, लक्षातच राहत नाही माझ्या." त्यांनी कप बाजूला सारला. "सोमवारी सकाळी मी त्यांना समारंभाचं बोलावणं करायला गेलो. गाडी फाट्यावर सोडली, मिरवणुकीत अडकायला नको म्हणून. घरात ते एकटेच होते. इतक्या मायेनं वागले, कुसुमलताबाई! स्वतःच्या हातानं कानबाईचा रोट वाढला मला. जेवता जेवता एकदम रडायला लागले. म्हणाले, 'सरनोबत, ते पेपर मीच फोडले होते. आता कुसुम पुस्तक लिहितेय, तिला कोणतं तोंड दाखवू?' मी समजूत काढली आणि निघालो. मला काय ठाऊक, माझ्यामागं ते..."



कुसुमलता सुन्न झाली. ज्यांनी तिला "इतिहास म्हणजे खऱ्याची चाड धरणं" हे शिकवलं, त्यांनी?

"गुरुवारी शोकसभा आहे," सरनोबत हळुवारपणे म्हणाले. "मी हे जाहीर करीन. झुलाल सुटेल. आणि तुम्ही ते पुस्तकात लिहा. कठोर नको, सौम्य शब्दांत लिहा. तुमचे शब्द सौम्यच असतात."

ती घरी कशी पोचली तिला कळलं नाही. झुलाल सुटणार होता. तिनं फक्त एक वाक्य लिहायचं होतं. ते खोटं आहे असं म्हणायला तिच्याजवळ काय होतं? काठी? आबा भिंतीला धरून धरून, रांगत गड चढले असतील, असं कोणीही म्हणेल.

सकाळी ती सामायिकेला, रोजच्या ध्यानाला, बसली. ती पुरी होईतो कोणाशी एक शब्द बोलायचा नाही, हा तिचा लहानपणापासूनचा नेम. मन थाऱ्यावर नव्हतं. माळेचे मणी सरकत होते आणि प्रत्येक मण्यापाशी न घेतलेला चहाचा कप आठवत होता. *तुमचा तो नेम. लक्षातच राहत नाही माझ्या.*

मणी बोटांत थांबला.

आज नको बाय. आज आमना रोट शे.

ओरडावं असं वाटलं, पण सामायिक अर्धी राहिली होती. दाराशी रुपचंद चपला घालत होता. त्याला हाक मारायला ओठ उघडले आणि तिनं ते पुन्हा मिटले. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःचं मौन सोसवेना.

५

"रोटावरून मी कुलगुरूंना हात लावू?" भामरेंनी डोक्याला हात लावला. ते स्वतः साक्रीकडचे. त्यांच्याही घरी कानबाई बसायची. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला होता. "मलाही पटतंय, बाई. पण ते म्हणतील, आबा शिकलेले, त्यांनी नेम मोडला. मग?"

"तुम्ही लताअक्कांच्या देवघरातली टोपली पाहून या. हात लावू नका, फक्त पाहा. आणि गुरुवारी सभेला पुढं बसा."

गुरुवारी विद्यापीठाचं सभागृह गच्च भरलं होतं. धुळ्याचे, जळगावचे, यावल-रावेरचे केळीवाले, शिंदखेड्याचे कापूसवाले. आबांनी ज्यांच्या दारोदार फिरून विद्यापीठासाठी जमीन मागितली होती, ते सगळे आले होते. पुढच्या रांगेत आबांचे भाऊबंद निंबा नाना काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

सरनोबत बोलायला उभे राहिले. फार सुंदर बोलले. आबांच्या विटा उचलण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी आवाज कापरा करून कबुलीवर आले. सभागृहातून एक अस्फुट हाय उठली. कोणीतरी "नही, नही" म्हणालं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून डोळ्यांना लावली. कुसुमलतेनं पाहिलं, लोक विश्वास ठेवत होते. काळीज फाटत होतं त्यांचं, पण ठेवत होते.

ती उठली. तिचा आवाज मागच्या रांगेपर्यंत कधीच पोचत नसे. आज सगळे कान तिच्याकडे लागले म्हणून पोचला.

"सर, इतिहासात लिहायचं म्हणून विचारते. लोकांनाही ऐकू द्या. आबांनी हे कधी सांगितलं?"

"जेवताना. मघाशी म्हटलं नाही का मी?"

"काय जेवलात?"

"कानबाईचा रोट." सरनोबत कळवळून म्हणाले. त्यांना वाटलं, बाई आपल्याला हातभार लावताहेत. "टोपलीचं फडकं आबांनी स्वतः सोडलं. दुधात कुस्करून, आग्रह करकरून वाढलं. 'घ्या, सरनोबत, आमच्या खानदेशाचा प्रसाद आहे' म्हणाले. त्यांच्या हातचा तो शेवटचा घास मी..."

ते थांबले.

सभागृहात काहीतरी झालं होतं. कोणी ओरडलं नव्हतं, कोणी हललंही नव्हतं. पण डोळे पुसणारे हात होते तिथंच राहिले होते, आणि रांगांमागून रांगा एकटक त्यांच्याकडे बघत होत्या. शेतकरी, शिक्षक, शिपाई, पदराआडच्या बायका. मघाच्या नजरा या नव्हत्या. सरनोबतांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. काय चुकलं ते त्या सबंध सभागृहात त्यांना एकट्यालाच ठाऊक नव्हतं.

निंबा नाना काठीवर भार देत उठले.

"साहेब, कानबाईना रोट भाऊबंदबिगर कोनाले देतस नही. पोटनी पोर लगीन करीसन गई, ते तिले बी देतस नही. आनि तुमले दिधा?"

"आबा सुधारक होते," सरनोबत घाईनं म्हणाले. "त्यांनी रूढी मोडली असेल."

"मोडली असती तर टोपलीची गाठही सुटली असती," कुसुमलता म्हणाली. "फडकं सोडलं म्हणालात ना, सर? ती गाठ लताअक्कांनी रविवारी रात्री बांधली. वर त्यांच्या हळदीची बोटं आहेत. ती अजून तशीच आहेत. फौजदारसाहेब काल पाहून आले."

पुढच्या रांगेतून भामरे उभे राहिले. त्यांनी फक्त मान हलवली.

"त्या घरात तुम्ही घासभरही खाल्लं नाहीत. मग जेवताना झालेली कबुली कुठून आली? गाडी फाट्यावर होती, म्हणजे तुम्ही गावात होतात, हे खरं. आबांची काठी दाराशी होती, म्हणजे ते कोणाच्या तरी आधारानं गेले, हेही खरं. गाव सगळं ओढ्यावर होतं, झुलाल नरडाण्याला. सर, सोमवारी त्यांच्याजवळ दुसरा खांदा कोणाचा होता?"

सरनोबतांनी पाण्याचा पेला उचलला. तो ओठांपर्यंत गेला नाही.

"ते म्हणाले, सोहळ्याआधी खुर्ची सोड," ते बोलले ते जणू स्वतःशीच. "म्हणाले, तेव्हा विद्यापीठ तान्हं होतं. कुलसचिव चोर निघाला असता तर सरकारनं दाराला कुलूप लावलं असतं, म्हणून मी तुझं पाप पांघरलं. आता ते आपल्या पायांवर उभं आहे. आता तू उतर. नाही उतरलास तर कुसुमला सांगतो." त्यांनी समोर पाहिलं. "मी त्यांना ढकललं नाही हो. बुरुजाच्या कडेला होतो. त्यांचा सगळा भार माझ्या खांद्यावर होता. मी फक्त... खांदा काढून घेतला."

मग मात्र सभागृह उसळलं. भामरे पायऱ्या चढून वर गेले नसते तर काय झालं असतं, सांगता येत नाही.

६

झुलाल घरी आला तो थेट काकूच्या पायांवर पडला. लताबाईंनी त्याला उठवलं, तोंडावरून हात फिरवला, आणि "जेवला का रे?" एवढंच विचारलं.

सांजेला त्या आणि कुसुमलता ओट्यावर बसल्या. काठी भामरेंनी परत आणून पुन्हा तिथंच, कडीशेजारी ठेवली होती. ती हलवायचं कोणाच्या मनात येईना.

"एकच कळत नाही, अक्का," कुसुमलता म्हणाली. "त्यांचा गुडघा असा, घर रिकामं. हे बोलणं इथंच, ओट्यावर बसून का नाही केलं? एवढा गड चढायचं काय काम होतं?"

लताबाई देवघराच्या मिटल्या दाराकडे बघत राहिल्या.

"मला कळतं," त्या म्हणाल्या. "सगळा जन्म त्यांच्यासंगे काढला ना. दारी आलेला माणूस, मग तो वैरी का असेना, उपाशी कधी गेला नाही या घरातून. आणि त्या दिवशी घरात रोटाशिवाय काही नव्हतं. रोट तर त्याला देता येत नाही. पाहुण्यासमोर भरली टोपली, आणि हात रिकामे. त्यांना लाज वाटली असेल, कुसुम. म्हणून म्हणाले असतील, चला, बाहेर बोलू. आणि काठी घ्यायलाही मागं वळले नसतील. पाहुण्यानं खांदा पुढं केला, तो धरला."

कुसुमलतेनं हात जोडले. कोणाला, ते तिलाही सांगता आलं नसतं. गडामागं सूर्य बुडाला होता. आत झुलालनं पाण्याचा तांब्या भरून तिच्यासाठी बाहेर आणला, आणि मावळतीकडे बघून, काही न विचारता, तसाच परत नेला.